चिठ्ठीची मागची बाजू

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आप्पांचा श्वास थांबला. त्यांची मुलगी हैदराबादहून निघाली होती. तिची गाडी दौंडच्या अलीकडच्या भिगवणलाही पोचली नव्हती. ती शनिवारी निघणार होती. येऊ नको, असं मी तिला सांगितलं होतं.

हे आधी लिहून टाकलं. पुढे त्यांच्याबद्दल लिहिताना हसू यावं अशा गोष्टीही येतील, आणि त्या लिहीत बसले तर हे लिहायचं मी टाळीन.

दौंडच्या चर्चमधल्या आमच्या मंडळीत सगळे त्यांना आप्पा म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. न्हावऱ्याच्या बाजूला दुधाचं एक शीतकरण केंद्र होतं, तिथे त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. गावोगावचे दुधाचे कॅन टेम्पोतून उतरले की एकेकाचं झाकण उचलायचं आणि आतल्या बाजूला नाक लावायचं, हे त्यांचं काम. दुधाला नाही, झाकणाला. वास वर चढून झाकणात साठतो, असं ते सांगत. फॅट मोजायला यंत्र होतं, पाणी घातलेलं कळायला काचेची नळी होती, वास घ्यायला मात्र आप्पाच होते. त्यांनी मान हलवली की कॅन आत, हात हलवला की परत.

निवृत्त झाल्यावरही हुंगणं सुटलं नाही. हातात आलेली वस्तू आधी नाकाशी जायची, मग ती लग्नाची पत्रिका असो, औषधाची पुडी असो, नाहीतर गीतांचं पुस्तक. मी शाळेत ग्रंथपाल आहे. एकदा मी त्यांना वाचायला एक जाड पुस्तक नेलं. त्यांनी ते मधोमध उघडून हुंगलं आणि म्हणाले, "बाई, हे तुमच्या शाळंत कुणी वाचल्यालं न्हाई." ते खरं होतं. मी थक्क झाले आणि पुढे कितीतरी जणांना ही गोष्ट सांगितली.

चर्चमध्ये ते खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसत. उपदेश संपला की सगळे आमेन म्हणत. आप्पा तोंड मिटून बसत. पुढच्या रविवारी पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, की त्यांनी सुरुवात करण्याच्या आत तिसऱ्या बाकावरून आवाज यायचा, "आमेन." हे आमेन मागच्या रविवारचं असायचं. मधल्या आठ दिवसांत आप्पांनी तो उपदेश वापरून बघितलेला असे. कधीकधी आमेन यायचंच नाही. मग पाळकसाहेब चष्मा पुसत आणि त्या दिवशी जरा जपून बोलत. नव्याने आलेल्यांना वाटे, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. पाळकसाहेबांच्या पत्नी एकदा त्यांना म्हणाल्या की आप्पा, तुम्ही स्वर्गाच्या दारातसुद्धा आठ दिवस उभे राहाल. आप्पांनी थोडा विचार केला. "दाराला वास कसला हाय त्यावर हाय," ते म्हणाले.

मी न्हावऱ्याची. माहेरी आणि सासरी फुलशेती, घरात देवघर, वर्षाचे सगळे सणवार. नवऱ्याच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईंची बहीण रोज संध्याकाळी जाताना आमच्याही खाटेशी थांबायची आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. तिने आमचं नाव विचारलं नाही, स्वतःचं सांगितलं नाही. नवरा वाचला नाही. पण ती बाई कुणाशी बोलत होती, हे शोधावंसं मला वाटलं. दोन वर्षं वाचत, विचारत मी दौंडला पोचले. शिरूर सोयीचं होतं, पण तिथे कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं. दौंडला मला कुणी ओळखत नव्हतं. रविवारी एसटीने जायचं, दुपारी परत यायचं. बाप्तिस्मा झाल्यावर घरी सांगितलं. दीर महिनाभर बोलले नाहीत. सासूबाई बोलत राहिल्या, पण माझ्या हातचा चहा त्यांनी सोडला.

त्या पहिल्या वर्षात मला देव सगळीकडे बोलताना ऐकू यायचा. एसटी चुकली तर तो इशारा, बायबल सहज उघडलं आणि एखाद्या ओळीवर नजर पडली तर ती आज्ञा. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेली बाई मी. आता सारं जगच माझ्यासाठी लिहिलेलं आहे असं वाटायला लागलं होतं. एका रविवारी उपासनेनंतर मी उभी राहून साक्ष दिली, की प्रभू मला नोकरी सोडून सेवेत यायला सांगतो आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघी बायका रडल्या. बाहेर पडताना आप्पांनी मला गाठलं आणि पिशवीतून काचेची एक छोटी बाटली काढून दिली. रबरी बुचाची, दुधाचा नमुना ठेवायची. केंद्रात प्लॅस्टिकच्या आल्यावर जुन्या बाटल्या टाकून दिल्या होत्या, त्या त्यांनी उचलून आणल्या होत्या.

"देव बोलला ते एका चिठ्ठीवर लिवा, हिच्यात घाला, बूच लावा. वर नाव आन् तारीख. महिन्यानं उघडू."

तोपर्यंत मी काय करायचं, असं मी विचारलं.

"तवर शाळंत जावा. आन् आता आणखी कुणाला सांगू नका. सांगितल्यालं माघारी घेता येत न्हाई. मग माणूस त्याला टेकू देत बसतं."

मला राग आला. तरी त्यांच्या घरी जाऊन मी चिठ्ठी लिहिली. आप्पांचं घर रेल्वेलाइनच्या कडेला, दोन खोल्यांचं. खिडकीच्या कठड्यावर अशा बाटल्यांची रांग होती, एकेकीवर नाव आणि तारीख. मी चिठ्ठी घडी घालू लागले तर त्यांनी ती माझ्या हातून घेऊन उलटी केली. या बाजूला, ते म्हणाले, त्या दिवशी तुम्ही काय खाल्लं होतं ते लिहा.

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी कांद्याच्या पातीचं सांगितलं.

"आपल्याकडं कांदा निघाला की गाईला पात टाकत्यात. दुसऱ्या दिवशी दुधाला कांद्याचा वास. दूध खोटं नसतं, बाई. त्यात पानी न्हाई, पावडर न्हाई. पन गाईनं जे खाल्लं ते दुधात उतरतं. देव तुमच्याशी बोलला आसंल, मी न्हाई म्हणत न्हाई. तवा तुमच्या पोटात काय हुतं, तेवढं लिवा."

मी बराच वेळ बसून राहिले आणि मग लिहिलं, की शुक्रवारी मुख्याध्यापक सगळ्या शिक्षकांदेखत माझ्यावर ओरडले होते. महिन्याने बाटली उघडली. मी पुढची बाजू वाचली, मग मागची, आणि चिठ्ठी खाली ठेवली. आप्पांनी कोरा चहा पुढे सरकवला. ते दूध कधी पीत नसत. तीस वर्षं हुंगलं तेवढं पुरे, म्हणत.

"पात आहे का?" मीच विचारलं.

"जुडी हाय जुडी," ते म्हणाले.

पुढच्या दोन वर्षांत माझ्या अकरा बाटल्या झाल्या. नऊ बाटल्यांमध्ये कसला ना कसला वास निघाला. रागाचा, एकटेपणाचा, कुणीतरी शाबासकी द्यावी या इच्छेचा. दोन खऱ्या निघाल्या. एकीत दिराची आपण होऊन माफी मागायची होती, दुसरीत गल्लीतल्या एका वेड्या म्हातारीजवळ रोज थोडा वेळ बसायचं होतं. दोन्ही कामं मला नको होती. यावरून मी एक नियम काढला, की जे आपल्याला नको असतं तेच देवाचं. पुस्तकी माणसाला नियम लवकर सापडतात. आप्पांनी मान हलवली नाही. "तेबी बाटलीत घाला," म्हणाले.

एकदा बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. तीन दिवसांच्या सभा होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एका कुटुंबाला उभं केलं आणि तुमचा मुलगा तीन महिन्यांत परदेशी जाणार, असं सांगितलं. मंडळी भारावून गेली. सभा संपल्यावर आप्पा त्यांच्याजवळ गेले आणि आज जेवलात का, असं अगदी हळू विचारलं. प्रचारक म्हणाले, कालपासून उपास आहे. आप्पा त्यांना घरी घेऊन गेले, बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, आणि झोपायला स्वतःची खाट दिली. मग म्हणाले, आता उद्या परत सांगा. दुसऱ्या दिवशी प्रचारक फक्त क्षमेवर बोलले, आणि फार चांगलं बोलले. ज्यांचा मुलगा परदेशी जायचा होता ते गृहस्थ आप्पांवर वर्षभर रुसून होते. आप्पांनी भाकरी घालून माझ्या पोराचा व्हिसा घालवला, असं ते सगळ्यांना सांगत.

आप्पांना मी कडवट झालेलं एकदाच पाहिलं. त्या दिवशी त्यांनी मला मांडवगणच्या कॅनची गोष्ट सांगितली. मांडवगण फराट्याला त्यांचा जिवाचा दोस्त होता. त्याच्या घरी बऱ्याच वर्षांनी पाळणा हलला होता, आणि तो स्वतः कॅन घेऊन, पेढे घेऊन केंद्रावर आला होता. आप्पांनी झाकण उचललं, हुंगलं, आणि मान हलवली.

"वास आला हुता," ते म्हणाले. "बारीक. मला कळला हुता. पन त्याच्या तोंडाकडं बघितलं आन् म्हणालो, नसंल." सगळा टँकर नासला. चार गावांचं दूध त्या दिवशी ओढ्यात गेलं. दोस्ताला कुणी काही बोललं नाही, कारण कुणाच्या कॅनमुळे झालं हे आप्पांनी सांगितलं नाही. "जो कॅन आपल्याला आत घ्यायचाच आसतो, बाई, तो दोनदा हुंगायचा. परक्याचा एकदा हुंगला तरी चालतं."

त्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की कोरोनाच्या साथीच्या वर्षापासून त्यांना वासच येत नाही. म्हणजे मी त्यांना ओळखायला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून. पत्रिका, पुड्या, पुस्तकं ते निव्वळ सवयीने हुंगत होते.

"मग त्या पुस्तकाचं कसं ओळखलंत?"

"कार्ड बघितलं की. एकबी शिक्का नव्हता."

मी हसले. ते हसले नाहीत. खिडकीतल्या बाटल्यांकडे बघत म्हणाले, ज्याचं नाक गेलं त्यानं वाट बघायची, दुसरं काय.

गेल्या हिवाळ्यात दोन महिने ते खोकल्याने आजारी होते, आणि एका गुरुवारी त्यांना दौंडच्या दवाखान्यात दाखल केलं. दोन्ही फुप्फुसांत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, वय बघता काही सांगता येत नाही. पत्नी पूर्वीच वारलेली, एकुलती एक मुलगी हैदराबादला शाळेत शिकवते. मी रजा टाकून दवाखान्यात राहिले.

शनिवारी सकाळी मी त्यांचे कपडे आणायला घरी गेले. त्यांच्या खुर्चीत बसून प्रार्थना केली आणि मला ऐकू आलं, की आप्पा उठतील. इतकं स्पष्ट मला आधी कधीच ऐकू आलं नव्हतं. अंग हलकं झालं, रडू आलं. मी कठड्यावरची रिकामी बाटली घेतली, चिठ्ठीवर ते दोन शब्द लिहिले, नाव आणि तारीख घातली, बूच लावलं. मागची बाजू लिहायची राहिली. राहिली असं नाही. मी लिहिली नाही.

दुपारी मुलीचा फोन आला. ती रात्रीच्या गाडीने निघत होती. शाळेत परीक्षा चालू होत्या, रजा मिळत नव्हती, तरी ती निघत होती. मी तिला म्हणाले, की घाबरू नको, पप्पा उठणार आहेत, मला तसं सांगितलं गेलं आहे. ती बाटल्या बघतच वाढलेली होती. तिने एवढंच विचारलं, की चिठ्ठी टाकली का.

"टाकली आहे. पप्पांच्याच खिडकीत आहे."

हे खरं होतं. किती वेळापूर्वी टाकली, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती म्हणाली, "तर मग पेपर संपवून शुक्रवारी येते, ताई. उगीच धावत आले तर पप्पांनाच वाटेल, माझा विश्वास नाही." मी म्हणाले, बरोबर आहे. येऊ नको.

रविवारी तासाभरासाठी मी उपासनेला गेले. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले आणि तिसऱ्या बाकाकडे बघून थांबले. मग त्यांनी सुरुवात केली.

आप्पा जागे असले की दाराकडे बघायचे. रविवारी दोनदा त्यांनी पोरीचं विचारलं. कळवलं आहे, असं मी म्हणाले. सोमवारी दुपारी त्यांनी तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला.

"पोरगी कवा येती?"

"तुम्ही उठलात की येईल."

ते माझ्याकडे बघत राहिले. "बाटली भरली व्हय?"

"भरली."

चिठ्ठीत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. महिन्याच्या आत विचारायचं नाही, हा त्यांचाच नियम होता.

"दोनदा हुंगलं?"

मी हो म्हणाले.

त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी पाण्याचा पेला धरून उभी होते. मग ते म्हणाले, "चिठ्ठी ऱ्हाऊ द्या बाटलीत. तरी पोरीला बोलवा."

चार वाजता मी व्हरांड्यातून फोन केला. ती संध्याकाळच्या गाडीत बसली.

सकाळी दौंड स्टेशनवर मीच तिला घ्यायला गेले. ती डब्यातून उतरली आणि तिने माझ्याकडे बघितलं. हातातली पिशवी खाली ठेवून फलाटावरच्या नळाला तोंड धुतलं. चार वाजता दफन झालं. पाळकसाहेब थोडकंच बोलले. ज्यांच्या मुलाचा व्हिसा गेला होता ते गृहस्थ माती लोटून झाल्यावरही बराच वेळ तिथे उभे होते.

संध्याकाळी आम्ही दोघी आप्पांच्या घरी होतो. ती आवराआवर करत होती. कठडा पुसताना तिने माझं नाव असलेली बाटली उचलली आणि तारीख वाचली.

"ही शनिवारची आहे."

मी हो म्हणाले.

"मला वाटलं, ही महिन्यापूर्वीची. पप्पांनी उघडून बघितलेली. तुम्ही म्हणालात पप्पांच्या खिडकीत आहे, म्हणून मी थांबले. नाहीतर तुमच्या म्हणण्यावर मी थांबले नसते, ताई."

"पप्पांनी उघडली, असं मी म्हणाले नव्हते."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही तसं म्हणाला नव्हतात."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने कठडा पुसून पुरा केला. दुसऱ्या दिवशी परत जाताना घराची किल्ली पाळकसाहेबांकडे दिली. बाकीच्या बाटल्या ज्याच्या त्याला द्या म्हणाली. माझी तिने स्वतः माझ्या हातात ठेवली. "अजून महिना व्हायचाय," ती म्हणाली.

महिना झाला त्या दिवशी मी शाळेतून घरी आले, दार लोटलं आणि बूच काढलं. पुढच्या बाजूला माझ्याच अक्षरात दोन शब्द होते. मागची बाजू कोरी होती. मी पेन घेतलं. नवरा गेला तेव्हा मला शोधायला काहीतरी उरलं होतं. आप्पा गेले तर विचारायला कुणी उरणार नव्हतं. गुरुवारपासून मी या भीतीशिवाय दुसरं काही खाल्लं नव्हतं. हे लिहायला मला संध्याकाळ लागली. मग ते जसंच्या तसं एका कागदावर उतरवलं आणि मुलीला पोस्टाने पाठवलं.

सासूबाईंनी परवा माझ्या हातचा चहा घेतला. का घेतला, ते मी विचारलं नाही. रविवारी मी दौंडला जाते आणि तिसऱ्या बाकावर बसते. उपदेश संपल्यावर सगळे आमेन म्हणतात तेव्हा मी म्हणत नाही. पुढच्या रविवारी पाळकसाहेब थांबतात, तेव्हा म्हणावं असं वाटतं, पण अजून एकदाही म्हटलेलं नाही. बाटली माझ्या कपाटात आहे. चिठ्ठीच्या दोन्ही बाजू आता लिहिलेल्या आहेत. मुलीचं उत्तर आलेलं नाही.